विश्लेषण : लेकीच्या बलिदानावर उभे राहिलेले सिंहासन… कोण होता इगालांचा राजा आयेग्बा?

नायजेरियातील नायजर नदीच्या पूर्व काठावर इडाह नावाचे जुने शहर आहे. तिथल्या एगा बाजाराच्या परिसरात, नदीकाठी, एका तरुणीचा पुतळा उभा आहे. तिचे नाव इनिक्पी. तिने कधी राज्य केले नाही, तलवार हाती घेतली नाही. तरीही इगाला समाजात तिच्याइतका मान क्वचितच कुणाला मिळतो. आजही अनेक घरांत मुलीचे नाव इनिक्पी ठेवतात.

इनिक्पी ज्याची मुलगी होती, तो राजा म्हणजे आयेग्बा ओम इडोको. इगालांचे राज्य परक्यांच्या खंडणीतून सोडवणारा आणि त्या राज्याची घडी बसवणारा राजा म्हणून त्याचे नाव घेतले जाते. इगाला राजाचा राज्याभिषेक, राजघराण्यांची पाळी, जमिनीवरचा हक्क, पूर्वजांची पूजा यांपैकी बऱ्याच गोष्टींचा धागा त्याच्या काळापर्यंत नेला जातो. त्यामुळे आयेग्बाचे चरित्र समजले की इगाला संस्कृतीचे बरेचसे कोडे सुटते.

इगाला लोक कोण?

बेन्यूए ही नायजरची सर्वांत मोठी उपनदी. लोकोजा येथे या दोन नद्यांचा संगम होतो. संगमाच्या खाली, नायजरच्या पूर्वेला आणि बेन्यूएच्या दक्षिणेला असलेला त्रिकोणी टापू म्हणजे इगालांची भूमी. १९९१ मध्ये स्थापन झालेल्या कोगी राज्याचा हा पूर्व भाग असून या राज्यात इगाला हाच सर्वांत मोठा समाज आहे.

इगाला भाषा योरुबा आणि इत्सेकिरी या भाषांची बहीण मानली जाते. पश्चिमेला योरुबा आणि बेनिन, दक्षिणेला इग्बो, पूर्वेला इडोमा आणि त्यापलीकडे जुकुन, उत्तरेला नुपे अशा शेजारात हा समाज वाढला. नदी हीच या सगळ्यांची वाहतुकीची वाट होती. तिच्या काठावरचे इडाह ज्याच्या हाती, त्याच्या हाती व्यापाराची नाडी. म्हणूनच या गावावर अनेकांचा डोळा होता.

गावाकडे यामची शेती, नदीत मासेमारी आणि कोरड्या ऋतूत शिकार, असे इथले पारंपरिक जीवन. याम म्हणजे सुरणाच्या जातकुळीतला नव्हे, तर आपल्याकडच्या कोनफळाचा भाऊबंद असलेला कंद. तो उकडून, कुटून त्याचा गोळा करतात आणि रश्शाबरोबर खातात.

इगालांच्या राजाला ‘अटा’ म्हणतात. या शब्दाचा अर्थ वडील. म्हणजे राजा हा पदाने सगळ्या समाजाचा बाप. आयेग्बाच्या गोष्टीत हा अर्थ फार जड होऊन समोर येतो.

आयेग्बाचे घराणे कुठून आले?

आयेग्बाचा काळ अभ्यासक साधारणपणे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या आसपास धरतात. त्याच्याविषयीची माहिती मुख्यतः मौखिक परंपरेतून येते. कुळांचे वृद्ध, राजवाड्यातील मानकरी आणि गायक यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या जपली. विसाव्या शतकात ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ जॉन बॉस्टन यांनी तिचा पद्धतशीर अभ्यास केला. १९६८ मध्ये आलेले त्यांचे इगाला राज्यावरील पुस्तक आजही महत्त्वाचे मानले जाते.

परंपरेनुसार घराण्याचा मूळपुरुष अबुटू एजे. ‘एजे’ म्हणजे बिबट्या. पूर्वेकडच्या वुकारी या जुकुनांच्या राजधानीतील एका राजकन्येला बिबट्याचे रूप घेणाऱ्या पुरुषापासून हा मुलगा झाला, अशी कथा आहे. बिबट्या त्यामुळे राजघराण्याचे चिन्ह बनला. घराणे बेनिनहून किंवा योरुबा प्रदेशातून आले, असे सांगणाऱ्या कथाही आहेत. या सगळ्या कथांत एक गोष्ट मात्र समान आहे. राजघराणे बाहेरून आले आणि जमीन आधीपासून दुसऱ्यांची होती.

अबुटू एजेनंतर गादीवर बसली ती त्याची मुलगी एबुलेजोनू. तिच्या नावाचाच अर्थ, राजा झालेली स्त्री. तिच्यानंतर तिचा भाऊ अगेनापोजे, मग त्याचा मुलगा इडोको आणि इडोकोचा मुलगा आयेग्बा. ‘आयेग्बा ओम इडोको’ म्हणजे इडोकोचा पुत्र आयेग्बा. मराठीत नावापुढे वडिलांचे नाव लावतात, तसाच हा प्रकार.

राजाला ‘नवरा’ कसा?

आयेग्बाच्या जन्माआधी घडलेली एक गोष्ट त्याच्या राज्याला कायमची चिकटली. एबुलेजोनू राज्य करत असताना तिथल्या मूळ कुळांचा प्रमुख अचाडू याच्याशी तिचे लग्न झाले. अचाडू मूळचा इग्बो. जंगलात शिकारीला आलेला हा माणूस इगालांच्या हाती लागला, त्याचा जीव वाचला आणि पुढे तो त्यांचाच पुढारी झाला, असे सांगतात.

एबुलेजोनू गेली, पण ते नाते राहिले. तेव्हापासून अचाडू हे पद झाले आणि त्या पदावरच्या माणसाला ‘ओको अटा’, म्हणजे अटाचा नवरा, म्हटले जाऊ लागले. नवा अटा पुरुष असला तरी विधीपुरता तो अचाडूची पत्नी मानला जातो. राज्याभिषेकाच्या विधींत त्याचे कान टोचले जातात, ते याच नात्याची खूण म्हणून.

अचाडूच्या बरोबरीने नऊ मूळ कुळांचे प्रमुख राजाच्या निवडीत बसतात. त्यांना ‘इगालामेला’ म्हणतात. मराठी कानाला ‘मेला’ वेगळेच वाटेल, पण याचा अर्थ नऊ इगाला. जमिनीचे खरे मालक हे. राजघराणे सत्ता चालवते, पण त्या सत्तेला मातीची परवानगी हे देतात.

आयेग्बाला वारशात हे सगळे मिळाले होते. बिबट्याचे कूळ, बाईने सांभाळलेली गादी, जमीनमालकांशी जुळवलेला संसार. आणि त्यासोबत एक देणेही.

खंडणीचे ओझे काय होते?

वुकारीचे जुकुन हे त्या काळी मोठे बळ होते. क्वारारफा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या सत्तेने सतराव्या शतकात उत्तरेकडच्या कानो आणि बोर्नो या बलाढ्य राज्यांवरही चढाया केल्या. इगालांचे राजघराणे वुकारीहून आले असे मानले, तर जुकुनांचा राजा त्यांचा थोरला ठरतो. त्या नात्याने इगाला वुकारीला खंडणी देत असत.

इडोकोच्या काळात हे संबंध बिघडले आणि खंडणी थांबली. वुकारीच्या राजाला, म्हणजे आकूला, हे बंड वाटले. त्याने फौज पाठवली. तोवर इडोको गेला होता आणि गादीवर आयेग्बा होता.

इडाहची बाजू कमकुवत होती. समोरचे सैन्य संख्येने आणि अनुभवाने मोठे. पाठीशी नायजर नदी. हरलो तर पळायला पाण्याशिवाय वाट नाही, अशी स्थिती. अशा वेळी इगाला राजा जे करतो, तेच आयेग्बाने केले. त्याने भविष्य पाहणाऱ्यांना बोलावले. इगालांमध्ये योरुबांच्या इफासारखी प्रश्न लावण्याची जुनी पद्धत आहे. मोठा निर्णय, आजार, मृत्यू, निवड, काहीही असो, आधी कौल घेतला जाई.

इनिक्पीचे काय झाले?

कौल भयंकर होता. राज्य वाचवायचे तर राजाने आपले सर्वांत लाडके अपत्य भूमीला द्यावे. राजाचे सर्वांत लाडके अपत्य कोण, हे सगळ्यांना ठाऊक होते. इनिक्पी.

आयेग्बाने हा कौल तिच्यापासून लपवून ठेवला, असे परंपरा सांगते. तो गप्प राहू लागला. त्याने होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. शत्रू जवळ येत होता. इडाहच्या लोकांचा जीव एका पारड्यात आणि लेक दुसऱ्या पारड्यात. ज्या माणसाच्या पदाचेच नाव ‘वडील’, त्याने कोणाचा बाप व्हायचे, हा तो पेच होता.

इनिक्पीला अखेर कारण कळले. ती स्वतः पुढे आली आणि मला द्या म्हणाली, असे सगळ्या कथा सांगतात. नदीकाठी खड्डा खणण्यात आला. इनिक्पीला जिवंत पुरण्यात आले. तिच्यासोबत नऊ गुलामही पुरले गेले.

या प्रसंगात मुलगी स्वेच्छेने गेली, यावर इगाला परंपरा फार भर देते. पुतळा आहे तो त्या होकाराचा. मात्र त्या नऊ जणांना कुणी विचारले होते, असे कोणतीही कथा सांगत नाही. त्यांची नावेही उरलेली नाहीत. पश्चिम आफ्रिकेतील अनेक राज्यांप्रमाणे इगाला राज्यातही गुलामगिरी होती, आणि राजघराण्यातील मोठ्या व्यक्तीसोबत माणसे पाठवण्याची कल्पना त्या काळाला परकी नव्हती. इनिक्पीची गोष्ट वाचताना हा भाग गाळला, तर ती अर्धीच राहते.

इनिक्पी एकटीच नव्हती, हेही लक्षात घ्यायला हवे. ओमा ओडोको नावाच्या आणखी एका राजकन्येच्या बलिदानाची कथा इगालांमध्ये सांगितली जाते. तिचे नाव मात्र इडाहबाहेर फारसे पोहोचले नाही.

युद्ध कसे जिंकले?

पुढची गोष्ट युद्धभूमीवरच्या पराक्रमाची नाही, हे विशेष. इडाहजवळ इनाचालो नावाचा ओढा आहे. जुकुनांची छावणी त्याच्या आसपास पडली होती. आयेग्बाच्या बाजूला उत्तरेकडून आलेला एक मुस्लिम मौलवी होता. त्याने तयार केलेले औषध ओढ्यात टाकले गेले. मासे मरून वर तरंगले. भुकेल्या सैनिकांनी ते गोळा करून खाल्ले आणि छावणीत माणसे मरू लागली. उरलेल्यांवर इगालांनी हल्ला केला आणि त्यांना हुसकावून लावले.

मासे मारण्यासाठी पाण्यात वनस्पतींचे विष कालवण्याची रीत पश्चिम आफ्रिकेत ठिकठिकाणी आढळते. त्यामुळे कथेचा हा भाग ऐकणाऱ्याला अगदी अशक्य वाटत नाही. मौलवीचा उल्लेखही अर्थपूर्ण आहे. इस्लाम इगालांकडे तलवारीने आला नाही. व्यापारी, ताईत देणारे आणि औषध जाणणारे लोक त्याला नदीच्या वाटेने घेऊन आले. राजाने त्यांना ठेवून घेतले, त्यांचे ज्ञान वापरले आणि पूर्वजांची पूजाही सोडली नाही.

म्हणजे विजयाचे श्रेय एकट्या राजाकडे जात नाही. लेकीने जीव दिला, नऊ जणांचा घेतला गेला, परक्या धर्माच्या माणसाने औषध दिले आणि जमीनमालक कुळे पाठीशी राहिली. आयेग्बा वाचला तो इतक्या जणांच्या देण्यावर.

युद्धानंतर आयेग्बाने काय केले?

खंडणी कायमची बंद झाली. त्यानंतर आयेग्बाने राज्याची घडी बसवली, आणि इगालांच्या दृष्टीने त्याचे खरे मोठेपण इथे आहे.

पहिली गोष्ट, राजघराण्यातील लोकांना इडाहबाहेरच्या प्रदेशांत पाठवून तिथला कारभार त्यांच्याकडे देण्याची रीत रुजली. यामुळे नदीकाठचे गाव एका मोठ्या राज्याची राजधानी झाले.

दुसरी गोष्ट, मूळ कुळांचे हक्क शाबूत राहिले. विजयी राजाला जमीनमालकांना बाजूला सारणे कठीण नव्हते. पण इगालामेला आणि अचाडू यांच्याशिवाय अटा होऊ शकत नाही, हा नियम टिकला.

तिसरी गोष्ट त्याच्या वंशजांच्या काळात पक्की झाली. गादी कोणत्याही एका शाखेची मिरास राहिली नाही. आयेग्बाच्या वंशातील अजू अमेआचो, अजू अकू, अजू अकोगू आणि अजू ओचोली या चार घराण्यांमध्ये ती पाळीपाळीने फिरते. एका घराण्याचा अटा गेला की पाळी दुसऱ्याची. त्या घराण्याने उमेदवार पुढे करायचा आणि मूळ कुळांच्या प्रमुखांनी त्याला मान्यता द्यायची. आज त्यावर राज्य सरकारची मोहोरही लागते.

बापानंतर थोरला मुलगा, असा सरळ नियम इथे चालत नाही. एका घराण्याला पुन्हा पाळी यायला कित्येक दशके लागू शकतात. भांडणे होतात, दावे-प्रतिदावे होतात. पण सत्ता एकाच वाड्यात कुजत नाही.

हा इतिहास की दंतकथा?

इथे एक अडचण आहे. इनिक्पीचे बलिदान जुकुनांविरुद्धच्या युद्धात झाले, असे एक परंपरा सांगते. ते बेनिनविरुद्धच्या युद्धात झाले, असे दुसरी सांगते. या दोन युद्धांत मोठे अंतर आहे.

बेनिनचा राजा एसिगे याचे इडाहशी युद्ध झाले ते साधारण १५१५-१६ मध्ये. त्या वेळी पोर्तुगीज बेनिनमध्ये येऊन पोहोचले होते आणि त्यांची मदत एसिगेला झाली. बेनिनच्या पितळी कलाकृतींमध्ये या युद्धाच्या आठवणी आहेत. एसिगेची आई इडिया हिला राजमातेचा मान मिळाला, त्यामागेही या युद्धातील तिच्या वाट्याचा उल्लेख होतो. म्हणजे एकाच संघर्षाच्या आठवणीत बेनिनकडे राजमाता आहे आणि इगालांकडे राजकन्या.

आयेग्बा मात्र याच्या बऱ्याच नंतरचा. त्यामुळे मौखिक परंपरेने दोन मोठी संकटे एका राजाच्या आयुष्यात आणून ठेवली असावीत, असे मानायला जागा आहे. लोकस्मृती तारखा जपत नाही. कोणी काय गमावले आणि कोणाचे देणे लागतो, हे ती जपते.

बेनिनशी असलेल्या नात्याचा एक ठोस पुरावा अटाच्या छातीवर आहे. ‘एजुबेजाइलो’ नावाचा पितळी मुखवटा अटा मोठ्या प्रसंगी गळ्यात घालतो. इतर डोळ्यांना धाक घालणारे डोळे, असा त्या नावाचा अर्थ. तज्ज्ञांच्या मते हे काम बेनिनच्या कारागिरांचे असून ते सोळाव्या शतकातील असावे. १८४१ मध्ये ब्रिटिशांची मोहीम नायजरमधून इडाहला आली, तेव्हा अटा ओचेजेच्या छातीवर चेहऱ्याच्या आकाराचा असा अलंकार असल्याची नोंद त्या अधिकाऱ्यांनी केली आहे. युद्ध ज्याच्याशी झाले, त्याच्याच कारागिरीची वस्तू इगाला राजपदाची सर्वांत मोठी खूण ठरली.

मेलेला राजा कुठे जातो?

आयेग्बाची समाधी इडाहमध्येच असल्याचे मानले जाते. पण इगाला समजुतीप्रमाणे मृत्यूने तो समाजातून गेला नाही. तो ‘इबेग्वू’ झाला, म्हणजे पूर्वज.

इगालांच्या पारंपरिक श्रद्धेत ओजो हा विश्वाचा निर्माता. तो सर्वांत वर आणि बराच दूर. रोजच्या जगण्यावर लक्ष ठेवतात ते इबेग्वू. ते शेत पिकवतात, मूल देतात आणि चुकणाऱ्याला शिक्षाही करतात. घरातला कर्ता आपल्या पूर्वजांना अन्न-पाणी देतो, तसा अटा सगळ्या समाजाच्या वतीने राजपूर्वजांना देतो. राजा म्हणून त्याचे मोठे काम हेच. त्याच्या अंगावर पूर्वजांचे बळ असते, म्हणून त्याच्याभोवती निर्बंधही असतात. तो चारचौघांत जेवत नाही. लोक गुडघे टेकून त्याला ‘गाबाइडू’ असे संबोधत मुजरा करतात.

वर्षाच्या ठरावीक काळी पूर्वज मुखवट्यांच्या रूपाने गावात येतात. त्यांना ‘एग्वू’ म्हणतात. अंगभर कापड, लाकडी मुखवटे, ढोल. कापडाच्या आत माणूस आहे हे पाहणाऱ्याला माहीत असते, पण समोर आलेला पूर्वजच असे मानून त्याच्याशी वागायचे असते. राजवाड्याचे मुखवटे वेगळे. त्यांत ‘एक्वे’ सर्वांत मानाचा. ओगानी आणि ओचो हे इडाहचे मोठे सण. ओचोचा संबंध कोरड्या ऋतूतील शिकारीशी आणि भूमीच्या विधींशी आहे.

या व्यवस्थेची एक कडक बाजू आहे. विवाहित स्त्रीने नवऱ्याशी प्रतारणा केली, तर इबेग्वू तिला आणि तिच्या घरच्यांना आजारपण किंवा मृत्यू देतात, असा समज खोलवर रुजला आहे. पुरुषांना याच मापाने मोजले जात नाही. ज्या समाजाने स्त्रीला अटा केले, ज्याची सर्वांत लाडकी व्यक्तिरेखा राजकन्या आहे, त्याच समाजात घराच्या इभ्रतीचे ओझे मात्र बाईच्या डोक्यावर आहे. आजच्या इगाला तरुणी आणि अभ्यासक याविषयी उघडपणे बोलू लागल्या आहेत.

आज आयेग्बाचे काय उरले?

१८४१ च्या मोहिमेत अटा ओचेजेने ब्रिटिशांशी करार केला आणि संगमाजवळची जमीन त्यांना आदर्श शेतीच्या प्रयोगासाठी दिली. रोगराईमुळे तो प्रयोग लवकरच फसला. पण वाट उघडली गेली. पुढे १९०० मध्ये ब्रिटिशांनी उत्तर नायजेरिया संरक्षित प्रदेश जाहीर केला आणि इगाला भूमी त्यात गेली. १९६० मध्ये नायजेरिया स्वतंत्र झाला. आज अटाकडे सैन्य नाही, कर वसूल करण्याचा हक्क नाही. मान मात्र आहे.

अटा अलियू ओबाजे यांनी १९५६ पासून २०१२ पर्यंत, म्हणजे अर्ध्या शतकाहून अधिक काळ ही गादी सांभाळली. त्यांच्यानंतर आलेले अटा इडाक्वो मायकेल अमे ओबोनी दुसरे यांचे ऑगस्ट २०२० मध्ये निधन झाले. नावांवरूनच दिसते, की इगाला समाजात आज मुस्लिम आहेत आणि ख्रिस्तीही. अटाचा स्वतःचा धर्म कोणताही असू शकतो. पण त्याला गादीवर बसवण्याचा मान अजूनही अचाडूचा आणि नऊ कुळांच्या प्रमुखांचा आहे.

काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे कापड ही अलीकडच्या काळात इगालांची ओळख झाली आहे. लग्न असो, राज्याभिषेक असो किंवा परदेशातील इगाला मंडळींचे संमेलन, ते पट्टे दिसतातच. जानेवारी २०२० मध्ये अभिनेत्री मर्सी जॉन्सन ओकोजी यांची निर्मिती असलेला इनिक्पीवरचा चित्रपट नायजेरियात प्रदर्शित झाला आणि इडाहची ही कथा देशभर पोहोचली. नव्या पिढीतील अनेकांनी आयेग्बाचे नाव पहिल्यांदा तिथे ऐकले, तेही मुलीचा बाप म्हणून.

मग आयेग्बाच्या चरित्रातून शेवटी काय समजते?

जगातील बहुतेक राज्यसंस्थापकांच्या गोष्टी एकट्या वीराच्या असतात. आयेग्बाची तशी नाही. त्याच्या राज्याला जमीन दिली ती नऊ कुळांनी. गादीची परंपरा टिकवली ती एका स्त्रीने. युद्धात मार्ग काढला तो परक्या मौलवीने. आणि सर्वांत मोठी किंमत मोजली ती इनिक्पीने आणि तिच्यासोबत मातीआड गेलेल्या नऊ अनाम माणसांनी.

इगालांच्या प्रथा म्हणजे या देण्याची वही आहे. नव्या अटाचे कान टोचले जातात, तेव्हा एबुलेजोनूची आठवण होते. अचाडू आणि इगालामेला समोर बसतात, तेव्हा जमीन कोणाची याची आठवण होते. छातीवरचा मुखवटा जुन्या शत्रूची आठवण देतो. राजाने कितीही मोठे व्हावे, आपण कोणाच्या जिवावर उभे आहोत हे त्याला दर वेळी सर्वांसमोर मान्य करावे लागते.

नऊ गुलामांसाठी मात्र या वहीत पान नाही. एगा बाजारात रोज होड्या लागतात, मासळी उतरते, यामचे ढीग रचले जातात. व्यवहार करणाऱ्यांच्या जवळच इनिक्पी उभी आहे. पुतळा तिचा एकटीचा आहे, पण त्या मातीत ती एकटी नाही.